मामाच्या जागी मावशी

आमच्याकडे नवरीला तिचा मामा उचलून बोहल्यावर नेतो. माझ्या भाचीला मामाच नाही. तिची आई म्हणजे माझी ताई, आणि मी, आम्ही दोघी बहिणीच. नाही म्हणायला आमचा एक चुलतभाऊ आहे, आणि साखरपुड्यापासून तो मिशांवर हात फिरवत तयारच होता. पण मागच्या एका लग्नात याच भावानं नवरीला मांडवाच्या मध्यात खाली ठेवलं होतं. आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "चांगल्या खात्यापित्या घरची हाय रे बाबा!" अख्खा मांडव हसला. तो व्हिडिओ आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, आणि तो माझ्या भाचीनंही पाहिला.

भाची गोळाफेकीत पुढे. खांदे रुंद, मांड्या दणकट. तांदळाचं पोतं हलवायचं असलं की घरात हाक तिलाच. तीच मुलगी साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी खाली बघत म्हणाली, "मला कुनी उचलायचं न्हाय. मी चालत जाईन."

मला असा राग आला! गोळा फेकताना हिच्या अंगाचं कौतुक, आणि लग्नात त्याच अंगाची लाज? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी उचलनार." ताई म्हणाली, "येडी झालीस का? कंबर मोडून घेशील." मी येडी झालेच होते, आणि ते येडं होणं मला फार आवडत होतं.

वडपेच्या गोडाऊनमधली माझी पॅकिंगची ड्युटी दुपारी सुटते. येताना वाटेत शेलार गावात एका लूमच्या शेडवर पत्र्याची जिम आहे. खाली मागांची खटाखट, वर आमची धापाधाप. शिकवणारा पोरगा भिवंडीतलाच, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. मी कशाला आलेय ते ऐकून तो आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. "मौसी, ताकद वेगळी, पावर वेगळी. ताकद म्हणजे किती उचललं. पावर म्हणजे किती झटकन उचललं. शादी में दोनों लगेंगे."

मग काय, लागले कामाला. गुडघ्यात बसायचं, पाठ ताठ, टाचा जमिनीत रोवायच्या आणि उठायचं. उठताना माझ्या तोंडून "हुऽऽप" असा आवाज निघायचा. बाकीच्या बायका फिदीफिदी हसायच्या, मग हळूहळू त्याही हुप्प करायला लागल्या. पायऱ्या चढताना आपल्या मांड्या आपलं ऐकतात, हे मला या वयात कळलं. रिक्षात बसायच्या ऐवजी मी उगाचच चालत घरी यायचे.

जिममधल्या लोखंडी बारवर सराव झाला, पण माणसावर कुठे करणार? घरात एकच माणूस हाताशी, माझा नवरा. त्याला रोज संध्याकाळी ओसरीवरून उचलायचे आणि आंब्याच्या झाडापर्यंत न्यायचे. तो भीतीनं फळीसारखा ताठ व्हायचा आणि माझी मान गच्च धरून डोळे मिटायचा. शेजारची म्हातारी एकदा काळजीनं धावत आली, "काय झालाय गो त्याला? दवाखान्यात नेतेस का?"

माझी चूक झाली ती इथे. ताठ माणूस उचलायला सोपा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही.

लग्नाच्या दिवशी मी नऊवारी घट्ट नेसले. चुलतभाऊ बाजूलाच उभा होता, म्हणाला, "पाठ धरली तर सांग, मी हाय हितंच." मी गुडघ्यात बसले, भाचीला कवेत घेतलं, आणि हुऽऽप! उठले की! मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. मी ऐटीत निघाले. वाटलं, अशीच हिला घेऊन अंबाडीच्या नाक्यापर्यंत जाऊन यावं.

तेवढ्यात ती कानात पुटपुटली, "मावशी, हुप्प काय गो? वान्नर हायस का?"

झालं. मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. हसणारं माणूस सैल पडतं. ती माझ्या हातांत भिजल्या गोधडीसारखी पसरली. हसता हसता माझ्याही अंगातली ताकद गळून गेली. शालू सुळकन सरकायला लागला, माझे गुडघे वाकायला लागले. बोहलं समोर दिसत होतं आणि मी मांडवाच्या नेमक्या मध्यात खाली खाली चालले होते. चुलतभाऊ पुढे सरसावला. लोकांनी मोबाईल वर केले.

भाचीचं हसू थांबलं. तिनं ते मोबाईल पाहिले. अगदी हळू म्हणाली, "सोड मावशी. मी जाते चालत."

तेच वाक्य, तसंच खाली बघून. माझं हसू जागच्या जागी आटलं. मी पार तळापर्यंत बसले, तिला छातीशी ओढलं, टाचा रोवल्या आणि ओरडले, "मान धर माझी!" तिनं धरली. मग जो झटका मारला तो कुठून आला, मला अजून माहीत नाही. उठले ती थेट चालतच सुटले, पायरीसकट बोहल्यावर. वाजंत्रीवाल्यानं आपणहूनच बेंजोवर नाचाचं गाणं धरलं आणि ताई रडत रडत नाचायला लागली.

भटजी म्हणाले, "मावशी, नवरीला आता खाली ठेवा." मला सोडवेना. भाचीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. तिथूनच तिनं विचारलं, "जड हाय ना गो मी?"

"हायस ना," मी धापा टाकत म्हटलं. "म्हनून तर इतके महिने तयारी केली."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की अंतरपाटामागून नवरदेव डोकावून बघायला लागला. मग मी तिला पाटावर उभं केलं.