मारुतीच्या मंडपाचे दोन खांब

पिशोरजवळच्या सासुरवाडीत, मारुतीच्या देवळात, भर दुपारी मंडपाचे दोन लोखंडी खांब माझ्यापुढे नमस्काराला वाकले. मी संशयी माणूस, तरी हात आपोआप जोडले गेले. मी ते बोलून दाखवताच मेहुणा म्हणाला, "दाजी, साक्षात्कार झाला तुम्हाला!" आणि त्याने ही बातमी फोनवरून गावभर कळवायला घेतली.

रांगेत मागे वैजापूरच्या एक बाई होत्या, माझ्याइतक्याच जाड चष्म्याच्या. त्यांनी विचारले, "भाऊ, नंबर किती तुमचा?"

"वजा अठरा."

"मग देवाला ऱ्हाऊ द्या. एकेक डोळा झाकून बघा."

माझा उजवा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. त्याला खांब अंधूक, पण सरळ दिसले. ज्या डाव्या डोळ्यावर माझे वाचन, म्हणजे जवळजवळ सगळे आयुष्य चालते, त्याला ते वाकडे दिसले. बाई म्हणाल्या, "मला बी असंच झालतं. लई उशीर केला मी. तुम्ही आजच डॉक्टर गाठा." प्रसाद घेऊन त्या निघून गेल्या. नाव विचारायचे राहिले.

संध्याकाळी शहरात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, इतक्या नंबरात डोळ्याचा गोळा लांबट होतो, मागचा पडदा ताणून विरतो आणि त्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवून गळू लागतात. जुन्या लेसरने त्या जाळता येतात, पण नजरेच्या मधोमध कायमचा डाग राहतो आणि तो पसरूही शकतो. शिरेतून औषध देऊन थंड लेसर मारला, तर नुकसान थोपते, मात्र गेलेली नजर सहसा परत येत नाही. तिसरा उपाय म्हणजे त्या वाहिन्यांची वाढ रोखणारे इंजेक्शन, थेट डोळ्यात. जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो, पुन्हा घ्यावे लागू शकते, पण नजर सुधारण्याची आशा यातच सर्वांत जास्त.

मेहुणा म्हणाला, "दाजी, लेसरच घ्या. सुई तर आमच्या म्हशीलाबी टोचतात." मलाही लेसर हा शब्द भारदस्त वाटला. खरे कारण भीती होते.

बायको एवढेच म्हणाली, "अहो, पुढं वाचायचंय ना तुम्हाला?"

मी सुईला होकार दिला.

तोंडावर हिरवे कापड, पापण्या चिमट्याने उघड्या. समर्पणावरची प्रवचने ऐकून मी आजवर पुष्कळ जांभया दिल्या होत्या. तिथे कळले की गोष्ट अगदी लहान आहे: सुई ज्याच्या हातात, त्याच्यापुढे हलायचे नाही. मी मारुतीचे नाव घेत पडून राहिलो. थोडा दाब जाणवला, नजरेत काळे ठिपके तरंगले आणि झाले.

दुसऱ्या इंजेक्शननंतर पुस्तकातल्या ओळी सरळ होऊ लागल्या. त्या बाईंना रांगेत नेमके माझ्यामागे कोणी उभे केले, यावर मी वाद घालत नाही. फक्त हात जोडतो.

तेच करायला पुन्हा देवळात गेलो. उजवा डोळा झाकला. एक खांब ताठ होता. दुसरा वाकलेला. डोळा चोळून पुन्हा पाहिले, तरी तसाच. पुजाऱ्याला विचारले.

"त्यो व्हय? त्यो वाकडाच हाय," तो म्हणाला. "तुमच्या मेहुण्यानं परवा ट्रॅक्टर मागं घेताना ठोकला."