आईने ब्रेकच्या डिस्कला तेल लावलं

परवा खंडेनवमीला सकाळी सात वाजता मी बाहेर आले. मखमलाबादच्या आमच्या अंगणात दादाची लाल गाडी उभी होती, आणि तिच्या पुढच्या चाकाशी आई बसली होती... हातात तेलाचं फडकं घेऊन.

आधी गाडीचं सांगते. दादाने गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेली छोटी हॅचबॅक, पण इंजिन १.६ लिटरचं. पळते भन्नाट... थांबायचं मात्र तिच्या मनावर. श्रावणात पेठ रोडचा सावळ घाट उतरताना ब्रेक तापले आणि पेडल पार खाली गेलं. दादाने गिअर पाडत, हँडब्रेक ओढत कशीबशी थांबवली. मी शेजारी होते. त्या दिवसापासून मी त्या गाडीत पाय ठेवला नव्हता.

मग दादाने मला सायबर कॅफेत बसवून सगळं वाचून घेतलं आणि ठरवलं. पुढे मोठ्या, खाचा पाडलेल्या डिस्क आणि रबरी पाइपांऐवजी स्टीलची जाळी विणलेल्या ब्रेक लाइन. दाब आला की रबर फुगतं, जाळी फुगू देत नाही. गेल्या आठवड्यात हे किट गाडीला बसलंही.

दादा सातवीतून शेतात गेला, आई शाळेत गेलीच नाही. त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून लाइटबिलापर्यंत घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. या किटचं इंग्रजी पत्रकही आलं. मी तीनदा वाचलं, कारण माझं वाचायचं चुकलं तर भोगणार सगळे. त्यात ठळक छापलं होतं... डिस्कला तेल लागू देऊ नका, ब्रेक धरणार नाहीत.

झालं असं, की आदल्या संध्याकाळी दादाने गाडी धुतली. डिस्क म्हणजे उघडं लोखंड, सकाळी त्यावर तांबूस गंज आला. पहिल्या ब्रेकलाच तो निघून जातो, पण आईला हे माहीत असायचं कारण नव्हतं. खंडेनवमीला ती विळे, खुरपी, कोयते घासते, तेल लावते, मग पूजा करते. या वर्षी घरात नवं लोखंड आलं होतं. चाकाच्या फटींतून बोटं घालून तिने दोन्ही डिस्क मायेने चोपडल्या होत्या.

बोलू की नको? गेल्या वर्षी फवारणीचं औषध तिने दुप्पट घातलं, हे मी मजुरांसमोर बोलून गेले होते. तेव्हापासून ती प्रत्येक बाटली आधी माझ्या हातात देते. स्वतःच्या अंदाजाने काही ओतत नाही.

तेवढ्यात दादा किल्ली फिरवत आला. "चल मने, घाटात टेस्ट मारू. आज तरी बस."

मी सांगून टाकलं. दादा हसला. "एवढ्याशा तेलाने काय होतंय? हिला उदबत्तीच्या धुराचीपण भीती वाटते."

आई फडक्याची घडी घालत राहिली. "माझ्यानं चुकलं का गं?"

मी दादाच्या हातातून किल्ली घेतली आणि म्हटलं, "बाइकवर जा, गोविंदमामांना घेऊन ये. तोवर गाडी हलणार नाही."

गोविंदमामा आमचे मिस्त्री. मूळचे हरसूलकडचे, घाटातल्या ट्रकचे ब्रेक करण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी चाकं उतरवली, डिस्कवरून अंगठा फिरवला. आता ते आईला बोलणार, असं मला वाटलं.

"गाडी चालवली का?"

"नाही, मामा."

"मंग बरं. पॅडात मुरलं असतं तर पॅड फेकायचे व्हते." त्यांनी स्प्रे मारून डिस्क पुसल्या, डिस्कला चिमटीत धरणाऱ्या पॅडवरून पॉलिश पेपर फिरवला. मग आईकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, लोखंडाला तेल लावायचंच असतं. ह्ये एकच येडं लोखंड, याला कोरडं ठेवायचं."

"आलोच हाय तर लाइनमधली हवा बी बघू," ते पुढे म्हणाले. या कामाला पेडलवर एक माणूस लागतं, आणि चाकाशी हवा बाहेर काढणारी नळी बाटलीत धरायला दुसरं. दादा गाडीच्या दाराकडे निघाला, तर मामांनी त्याला अडवलं. "तू बाटली धर. वहिनी, तुम्ही बसा."

आई ड्रायव्हरच्या सीटवर आयुष्यात बसली नव्हती. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि बसली.

"दाबा... धरा... सोडा." बाटलीतल्या नळीत बुडबुडे आले, मग कमी झाले, मग थांबले. "झालं," दादा म्हणाला.

"नाय झालं," आई म्हणाली. "भाऊ, शेवटाला मऊ लागतंय. ठिबकच्या नळीत हवा राहिली की मोटर चालू असून बी शेवटच्या झाडाला पाणी जात नाय... तसं वाटतंय."

मामांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या चाकाजवळचं, हवा सोडायचं निपल पुन्हा सैल केलं. "दाबा." काही नाही. "दाबा." काही नाही. तिसऱ्यांदा मोहरीएवढा एक बुडबुडा निघाला. त्याच्यामागून आणखी एक.

हवा दबते, द्रव दबत नाही, हे मी तीनदा वाचलं होतं. आईच्या पायाला ते आधीच ठाऊक होतं.

"आता दगड," आई म्हणाली.

दुपारी आधी सपाट रस्त्यावर पुन्हा पुन्हा दाबून नवे ब्रेक नीट बसू दिले, मग सावळ घाट. आई पुढे, मी मागे. श्रावणातल्या त्याच वळणाआधी दादाने ब्रेक दाबला... आणि गाडी मागून कुणी मायेने धरावी तशी शांत झाली. आवाज नाही, वास नाही. एवढं धूड, आणि बोटापेक्षा बारीक नळीतल्या चमचाभर द्रवावर थांबलेलं. मी खरंच थक्क झाले.

"पेडल खाली जातंय का रे?" आईने विचारलं.

"नाही, आई."

"मंग पळव की."

गोविंदमामा, तुम्ही तिला त्या सीटवर बसवलंत, त्याचे आभार कसे मानू कळत नाही. इतकी वर्षं मी आईला फक्त वाचून दाखवत आले... परवा रात्री जेवताना पहिल्यांदा तिला विचारलं, की विहिरीच्या मोटरीतली हवा नेमकी कशी काढतात. ती तासभर सांगत होती.