सतरंगी बोर्ड आणि गिरडची पंगत

जाम चौकात गजेंद्रच्या हॉटेलसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक माणूस पोत्यावर वांगी, संबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या आणि चवळीच्या शेंगा मांडून बसलेला असतो. त्याचं नाव खुशाल. गिऱ्हाईक हॉटेलाकडूनच येतं, तेव्हा तोंड तिकडे असायला हवं; पण हा गडी हॉटेलाकडे पाठ करून बसतो. कोणी मागून हाक मारली तर मान वळवतो, वजन करतो आणि परत पाठ. पाठमोरा भाजीवाला मी माझ्या एवढ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यापर्यंत त्याच हॉटेलची भट्टी याच्या हातात होती. पाटोडीचा रस्सा असा करायचा की ट्रकवाले अंगठा चाटत गाडीत चढायचे. मग तिथून उठून तो पोत्यावर का आला? सांगतो. चौकात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत मात्र कोणी नाही. मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

खुशालनं लग्न केलं नाही. आईनं मुली दाखवल्या, मामानं दाखवल्या, शेवटी सगळे थकले. आणि रोहण्याचा रूपराव दर गुरुवारी जामच्या हॉटेलांना भाजी द्यायला यायचा. बायको वारलेली, मुलगा-सून घरी, मिशा झुपकेदार, टेम्पो स्वतःचा. टेम्पो चौकात वळला की दोन वेळा हॉर्न वाजायचा, आणि भट्टीवरचा खुशाल उगाचच दुपट्ट्यानं तोंड पुसायचा. माल उतरला की रूपराव हॉटेलामागच्या खोलीत मुक्कामाला राहायचा. ती खोली खुशालची. संध्याकाळी दोघं खाटेवर बसायचे. रूपराव बोलायचा, खुशाल शेंगा सोलत ऐकायचा. अशी किती वर्षं गेली, ते दोघांनीही मोजलं नसेल.

चौकाला सगळं दिसत होतं. चौक काही आंधळा नाही. पण आम्ही त्याला नाव दिलं नव्हतं, फक्त चिडवत होतो.

"काऊन बे खुशाल, आज वांग्यात तेल लय तरंगून राह्यलं?"

"आज गुरुवार हाय ना भाऊ, आज तेलाले मोजमाप नाई!" दुसरा जोडून द्यायचा.

खुशाल मान खाली घालून हसायचा आणि चिडवणाऱ्याच्या ताटात एक वांगं जास्त टाकायचा. त्या वांग्यासाठी म्हणून का होईना, गुरुवारी गर्दी व्हायची. आमचं चिडवणं म्हणजे त्या दोघांच्या डोक्यावरचं छप्पर होतं. भोकं पडलेलं, गळकं, पण छप्पर.

मग गजेंद्रचा मुलगा हर्षित पुण्याहून हॉटेलाचं शिक्षण घेऊन आला. आला तो कपाळाला आठ्या घालूनच. म्हणे, हैदराबादकडं जाणाऱ्या मोठ्या गाड्या आपल्याकडे थांबत नाहीत, कारण मोबाइलवरच्या ॲपात आपल्या नावापुढे काहीच नाही. पार्किंगची खूण नाही, वायफायची नाही. त्यानं खुणा करायला सुरुवात केली. वायफाय, एसी, लहान मुलांची खुर्ची आणि त्याच ओळीत 'एलजीबीटीक्यू फ्रेंडली'. नुसत्या खुणेवर भागेना म्हणून दारावर बोर्डही चढवला: इंग्रजी अक्षरं आणि खाली झेंड्यासारखे रंगीत पट्टे.

आमचे प्रभाकरराव निवृत्त मास्तर. ते चष्मा वरखाली करत म्हणाले, "हर्षित, कोन्त्या पक्षात गेला बे तू?"

गजेंद्रला विचारलं तर तो म्हणाला, "मले काई समजत नाई. पोरगा म्हन्ते, यानं धंदा वाढते. वाढला तं राहू दे, नाई तं रंगवून टाकू."

वाढला की! चकचकीत गाड्या थांबू लागल्या. माणसं बोर्डाखाली फोटो काढायची, पाटोडी खायची, वाहवा लिहायची.

खुशालनं मात्र आठवडाभर तो बोर्ड नुसता पाहिला. मग एका सकाळी हर्षितला विचारलं, "भाऊ, याच्यावर काय लिवलं हाय?"

हर्षित मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "काका, याचा अर्थ, इथं कोनी कोनाले हसनार नाई. दोन बाप्ये जोडीनं आले, तं त्यायले जोडीनंच वाढाचं. जोडी म्हनूनच."

"दोन बाप्ये?"

"हो. काऊन?"

"काई नाई. पुसून घेतो. धूळ बसली लय."

त्या दिवसापासून भट्टी पेटवण्याआधी खुशाल खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तो बोर्ड पुसू लागला. ट्रकांची धूळ ती, तासाभरात परत बसायची. हा दुपारी परत पुसायचा. आम्ही चिडवलं, "देवाले आंघोळ घातली का बे?" त्यानं नुसतं हसून आमच्याकडे पाहिलं, मान खाली न घालता. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मान वर करून हसणारा खुशाल आमच्या ओळखीचा नव्हता.

आता गिरडच्या पंगतीचं सांगायला हवं. गजेंद्रच्या बापानं हॉटेल काढताना गिरडच्या दर्ग्याला नवस बोलला होता, म्हणून दर वर्षी पूस महिन्यात हॉटेलातली सगळी माणसं कुटुंबासकट टेकडीखाली स्वयंपाकाला जातात; मागोमाग आम्ही चौकातलेही. एका व्यापाऱ्यानं गोणीत काय आहे ते खोटं सांगितलं, म्हणून फकिरानं त्याच्या मालाचे दगड केले, अशी तिथली गोष्ट. तसले गोल दगड अजून सापडतात. गजेंद्र दर वर्षी त्यातला एक उचलून कपाळाला लावतो.

पहिली पंगत जोड्यांची. नवरा-बायको शेजारी-शेजारी बसतात, मालक-मालकीण स्वतः वाढतात, आणि जेवण झालं की मालकीण मंदाबाई कुंकू लावून बाईला साडी, बाप्याला दुपट्टा देते. एकटे-दुकटे दुसऱ्या पंगतीला, त्यांना कुंकू नाही, दुपट्टा नाही. खुशाल तर दुसऱ्यातही नसायचा. तो स्वयंपाकी, सगळ्यांचं झालं की कढईशी उभ्याउभ्याच दोन घास खायचा.

गेल्या वेळी मात्र त्यानं पहाटेच सगळं रांधून ठेवलं. रूपरावलाही पंगतीला यायचा निरोप धाडला होता. रूपरावला ते पटलं नव्हतं. "लोकं काय म्हनतील बे?" असं तो गुरुवारी म्हणाल्याचं भिंतीपलीकडच्या पानठेल्यावर ऐकू आलं होतं. खुशालचं उत्तरही ऐकू आलं: "मालकानं दारावर लिवून ठेवलं हाय. आता अजून कोनाले विचाराचं?" आयुष्यात त्यानं एकच गोष्ट मागितली असेल, ती ही: त्या पंगतीत एकदा, दिवसाउजेडी, रूपरावच्या शेजारी बसायचं.

रूपराव आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, मिशांना तेल. पत्रावळी मांडल्या, जोड्या बसल्या, आणि ओळीच्या शेवटी खुशाल बसला. शेजारची जागा हातानं झाडली. रूपराव इकडेतिकडे बघत तिथं टेकला.

मंदाबाई भाताची परात घेऊन ओळीनं येत होती. त्या दोघांपाशी येऊन थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळी पंगत नवऱ्याकडे पाहू लागली.

गजेंद्र गोड आवाजात म्हणाला, "खुशाल, ऊठ रे. वाढाले मानूस कमी पडून राह्यला."

"मालक, यंदा मी बसतो."

"दुसऱ्या पंगतीले बस. हे जोडीची हाय."

"म्हनूनच बसलो, मालक." खुशाल हळूच बोलला, पण शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं. "बोर्ड लावला ना आपन."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गजेंद्रचा चेहरा लाल झाला. "अबे, तो बोर्ड गिऱ्हाइकासाठी हाय! घरच्या मानसासाठी हाय का? हर्षित, सांग याले!"

हर्षितला मोबाइलमध्ये अचानक फार महत्त्वाचं काही सापडलं होतं.

तेवढ्यात रूपराव उठला. सदरा झटकत, कोणाकडेच न बघता म्हणाला, "मी तं भाजी घेऊन आलतो, मालक. जागा रिकामी दिसली म्हनून बसलो. मले काय मालूम, हे कायची पंगत हाय ते?"

आणि गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. हॉर्न वाजला नाही.

खुशाल बसून राहिला. पुढ्यात स्वतःची पत्रावळ, शेजारी रूपरावची. मंदाबाईनं घाईघाईनं त्याच्या पानात भात टाकला. बाई मनानं वाईट नाही. शेवटी तिनं एक दुपट्टा आणून त्याच्या मांडीवर ठेवला, कुंकू न लावता, बायको वारलेल्या माणसाला दुखवट्याचा ठेवतात तसा. खुशालनं तो घडी न मोडता कढईजवळ ठेवला आणि भांडी घासायला बसला.

आठवडाभरात गजेंद्रनं त्याला बोलावलं. "मले काई नाई रे, पन बाकीचे तुह्या हातचं खाले कुरकुरून राह्यले. अन् ते खोलीबी पाह्यजे. येजो कधी मधी, चहा प्याले." इतकी वर्षं तेच बाकीचे त्याच्या हातचं बोटं चाटून खात होते, आणि गुरुवार त्यांनाही माहीत होता. पण माहीत असणं वेगळं आणि पंगतीत ऐकणं वेगळं. ते ऐकल्यावर प्रत्येकाला आपण किती साजूक आहोत ते दाखवावंसं वाटलं.

तेव्हापासून खुशालला कोणी चिडवत नाही. मी स्वतः एकदा गेलो, वांगी चाचपली, जीभ सैल सोडली, "काऊन बे, आज गुरुवार..." आणि पुढचं बोललोच नाही. त्यानं वर पाहिलंच नव्हतं. "अर्धा किलो देऊ?" एवढंच म्हणाला.

बोर्ड अजून आहे. आता त्याच्यात दिवे बसवलेत. दिवस मावळला की सगळे रंग रस्ता ओलांडून खुशालच्या पाठीवर पडतात.

परवा तिथं एक मोटरसायकल थांबली. दोन तरुण, मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर. बोर्ड वाचला, आपसात कुजबुजले, पण आत जायचा धीर होईना. रस्ता ओलांडून खुशालकडे आले.

"काका, ते हॉटेल चांगलं आहे का? म्हणजे, आम्ही गेलो तर चालेल ना?"

खुशालनं हातातली वांगी खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मी बाजूलाच होतो. मला वाटलं, आता हा सगळं ओकणार.

"गिऱ्हाईक हाय ना तुमी?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग जा. कोनी काई म्हननार नाई."

पोरं खूश होऊन गेली. गजेंद्रनं दारातून नमस्कार केला, हर्षितनं खुर्च्या ओढल्या.

तो गुरुवार होता. थोड्या वेळानं रोहण्याचा टेम्पो चौकातून गेला. रूपराव हल्ली भाजी थेट हिंगणघाटला नेतो. गाडी मुलगा चालवतो, रूपराव शेजारी बसतो, काच वर केलेली. हॉर्न वाजला नाही. खुशालनं तरी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि उरलेल्या वांग्यांवर पाणी शिंपडू लागला.