व्हायरस मिरचीचा, तक्रार वेबसाइटची

"मॅडम, तुमच्या वेबसाइटले व्हायरस लागला!"

प्रल्हादभाऊ दारातूनच बोलले. अनसिंगजवळ त्यांची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे आणि त्यांची वेबसाइट मीच बनवलेली. वाशिमला माझं छोटंसं ऑफिस आहे. दुकानं, नर्सऱ्या, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. या धंद्यात व्हायरस हा शब्द कानावर आला की आधी हात चालतात, डोकं नंतर. मी लॉगिन केलं आणि स्कॅन लावला.

"कधीपासून होतंय?"

"सकाळपासून."

"साइट उघडल्यावर भलतीकडेच जातेय का? जाहिराती येतात?"

"नाई ना. साफ लिवलेलं दिसून राह्यलं. शिरपूरच्या लोकायनंही वाचलं."

स्कॅन संपला. साइट ठणठणीत होती.

"भाऊ, व्हायरस कुठेच नाहीये."

"काहून नाई? मिरचीवर हाय ना! बोकड्या!"

बोकड्या म्हणजे मिरचीची पानं आखडून वाटीसारखी मुरडतात तो रोग. पांढरी माशी तो पसरवते. तो खरोखरच व्हायरस असतो, त्यामुळे भाऊ शब्दाला चुकले नव्हते. फक्त डॉक्टर चुकला होता.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. वेबसाइटच्या होम पेजवर, म्हणजे उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पानावर, भाऊंचा गॉगल लावलेला, कानाला फोन धरलेला फोटो होता. फोटोखाली ठळक अक्षरात ओळ होती, "आमच्या येथे वर्षभर शंभर टक्के रोगमुक्त रोपे मिळतील." आणि त्या ओळीच्या बरोबर खाली आजची ताजी बातमी झळकत होती, "आपल्या मिरचीवर बोकड्या आला आहे. ज्यांना मिरची न्यायची त्यांनी थांबा."

मी हसू दाबलं. भाऊंचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

हे दोन मजकूर एकाच पानावर कसे आले, ते सांगायला हवं.

भाऊ पहिल्यांदा माझ्याकडे आले ते निर्मलावहिनींना, म्हणजे बायकोला, घेऊन. पलीकडच्या गावातल्या नर्सरीची वेबसाइट झाली होती, म्हणून त्यांनाही हवी होती. मी विचारलं, "सोबत ब्लॉग घेता का?"

"त्याच्यानं काय होते?"

ग्राहकाला मी नेहमी सोप्या भाषेत सांगते. वेबसाइट म्हणजे रोडवरचा बोर्ड आणि आतलं ऑफिस. नाव, पत्ता, काय मिळतं, फोन कुणाला करायचा. एकदा नीट लिहिलं की महिनोन्‌महिने बदलायची गरज नसते. ब्लॉगवर मात्र सतत नवं लिहायचं. प्रत्येक लिखाणाला पोस्ट म्हणतात, तिच्यावर तारीख असते, सगळ्यात नवी पोस्ट सगळ्यात वर. खाली वाचणारे आपलं मत लिहितात, त्याला कमेंट म्हणतात. आता ब्लॉग हीसुद्धा एक वेबसाइटच असते. काही लोक नुसता ब्लॉग चालवतात, काही जण वेबसाइटच्या एका कोपऱ्यात ठेवतात.

"म्हणजे असं समजा," मी म्हटलं, "बोर्डाखाली कुणीतरी बसलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नर्सरीत आज काय चाललंय ते सांगतंय."

"बोर्ड पायजे," भाऊ म्हणाले. "बसणारा नको."

"मी बसते ना," वहिनी म्हणाल्या. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

भाऊंनी ते हसण्यावारी नेलं आणि मला बोर्डावरचा मजकूर सांगायला सुरुवात केली. 'शंभर टक्के रोगमुक्त' वर मी अडले. म्हटलं, "भाऊ, शंभर टक्के काढू या का?"

"मंग काय नव्वद लिवू? नव्वद वाचून कोन येईन?"

मुद्दा बिनतोड होता. ओळ राहिली. कोपऱ्यात वहिनींचा ब्लॉगही राहिला.

वहिनींना टाइप करायचा कंटाळा. त्या फोनवर बोलायच्या आणि फोन लिहून घ्यायचा. फोनला वऱ्हाडी येत नव्हती. वहिनी म्हणायच्या "मले वाटते", फोन लिहायचा "मुले वाटते". "मुले वाटते यंदा टमाटर लवकर लावावे." एखाद्या परगावच्या माणसाला वाटलं असतं, या नर्सरीत रोपांबरोबर मुलंही वाटतात. शिवाय बोलता बोलता त्या आजूबाजूलाही बघत असत, आणि फोन इमानदारीने सगळं लिहून घेई. "वांग्याची रोपे तयार आहेत हट हट शेळी आली पाइपावर पाय नको देऊ बाई पानाच्या खालच्या बाजूने पाहावे."

मी दुरुस्त करून देऊ का विचारलं. "राहू द्या," वहिनी म्हणाल्या, "लोकायले समजते."

समजत होतंच. रोप कधी लावायचं, पाणी किती द्यायचं, कोणतं पान बघून काय ओळखायचं, हे वाचायला लोक रोज येऊ लागले. कोण किती पाहतंय ते मला आतल्या बाजूने दिसतं. वहिनींच्या कोपऱ्यात गर्दी, भाऊंच्या पानावर शुकशुकाट. एका कमेंटमध्ये तर कुणीतरी विचारलं होतं, "पहिल्या पानावर फोटोतले फोनवाले भाऊ कोण आहेत?"

हे भाऊंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मला हुकूम सोडला, "तिची ताजी पोस्ट माह्या फोटोखाली दिसली पायजे. म्हंजे तिले वाचाले येनारा आधी मले पाहीन." मी तशी सोय केली. आता वहिनींनी काहीही लिहिलं की ते आपोआप होम पेजवर येई.

आणि आज आलं होतं.

"शिरपूरच्या देवरावचा फोन आला," भाऊ खुर्चीत बसत म्हणाले. शिरपूर जैनकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांचा एक गट होता, देवराव त्यांचा म्होरक्या. सगळ्यांची मिळून मिरचीची मोठी ऑर्डर होती, या हंगामातली सगळ्यात मोठी. "मले म्हणते, भाऊ, वरचं खरं का खालचं? म्या काय सांगू? मॅडम, खालचं डिलीट करा."

"ब्लॉग वहिनींच्या लॉगिनवर आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि एव्हाना स्क्रीनशॉट गावोगाव गेला असेल."

"मंग दोन्ही डिलीट करा! वेबसाइटच बंद करा!"

तेवढ्यात वहिनी आत आल्या. भाऊ तावातावाने मोटरसायकल काढून निघाले तेव्हाच त्या ओळखून चुकल्या होत्या आणि मागोमाग काळीपिवळी जीपने आल्या होत्या. पदराने घाम पुसत त्यांनी विचारलं, "काय खोडून राह्यले?"

"धंदा बुडवून राह्यली तू! घरची गोष्ट जगाले सांगते?"

"थे रोप त्यायच्या वावरात जाऊन बोकड्या निंगाला असता, मंग कोनाचा धंदा बुडाला असता?"

"आधी मले सांगायचं होतं!"

"सांगतलं. काल सांगतलं, रातच्याले जेवतानी सांगतलं. तुमी फोनवर होते."

स्वतःच्या नर्सरीतली बातमी त्यांनी गिऱ्हाइकांच्या बरोबरीने वेबसाइटवरच वाचली होती.

फोन वाजला. देवराव. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि धीर करून स्पीकर लावला.

"हं, देवराव."

"भाऊ, वयनीले द्या जरा."

भाऊंनी फोन टेबलावर मधोमध ठेवला.

"वयनी, किती पसरला?"

"एकाच शेडनेटमंधी हाय. जाळी फाटली होती, माशी घुसली. थे सगळे रोपं उपटून गाडले. पन तुमची मिरची त्याच शेडनेटमंधी होती, देवरावभाऊ. देता येत नाई. नवीन बी टाकतो, पन थांबा लागन."

तिकडे कुणाकुणाचं आपसात बोलणं ऐकू आलं. इकडे भाऊ टेबलाची कड नखाने खरवडत होते. वेबसाइट बनवायच्या ट्रेनिंगमध्ये अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

"निम्मे लोक नाई थांबनार," देवराव परत आले. "थे दुसरीकडून नेतीन. बाकीचे थांबतो म्हणतात. अन् वांगे चांगले हाय का?"

"वांगे चांगले हाय. पन पाहून घ्या."

"येतो मंग उद्या."

फोन बंद झाला. अर्धी ऑर्डर गेली होती, यात हसण्यासारखं काही नव्हतं. भाऊंनी स्क्रीनवरच्या आपल्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरची लाइन बदला."

"काय लिहू?"

"बहुतेक रोगमुक्त."

"बहुतेक?" वहिनी म्हणाल्या. "अशानं तर कोनी फाटकातून आतही येनार नाई."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, "रोपे स्वतः पाहून, विचारून न्यावीत." दोन क्लिकचं काम. भाऊंनी तेवढ्यात गॉगलही काढता येईल का विचारलं. फोटोतला काढता येत नाही, नवीन फोटो द्यावा लागेल, असं मी सांगितलं.

थांबलेल्या लोकांनी नंतर मिरची नेली. गेलेल्यांपैकी काही परत आले, काही नाहीच आले. भाऊ आता रोज ब्लॉग वाचतात. नर्सरीत काय चाललंय ते त्यांना तिथूनच कळतं, असं वहिनी सांगतात. त्या पोस्टखाली अजूनही लोक मुरडलेल्या पानांचे फोटो टाकून विचारतात, आणि वहिनी बोलून उत्तर देतात, शेळीसकट.

मी मात्र माझी कामाची पद्धत बदलली. ग्राहक वेबसाइट मागायला आला की रंग, लोगो, फोटो हे सगळं मागाहून. आधी विचारते, तुमच्याकडे रोज खरं काय ते सांगणारं कुणी आहे का? बहुतेक ठिकाणी असतं. फक्त पासवर्ड त्याच्याकडे दिलेला नसतो.