दुसरं चित्र

फरकवाले काका दुसरं चित्र न बघता काढत. रविवारच्या हिंदी पेपरात मुलांच्या पानावर शेजारी शेजारी दोन चित्रं असतात ना, सहा फरक शोधा म्हणून, ती त्यांची. पहिलं काढून झालं की कागद पालथा घालायचे, चहा प्यायचे आणि तेच चित्र आठवून पुन्हा काढायचे. जे सुटलं तो फरक. "मुद्दाम केलेली चूक पोरं लगेच पकडतात, मंजू," म्हणायचे. "खरी चूक शोधायला मजा येते."

नया बाज़ारातल्या आमच्या गल्लीत ते याच नावाने ओळखले जात. त्यांचं आडनाव मला फार उशिरा कळलं, तेही सख्खी शेजारीण असून! एके काळी मुलांचं अख्खं पान त्यांचं होतं: ठिपके जोडा, लपलेले प्राणी शोधा, चित्रकोडी. भूलभुलैया मात्र काढला नाही. संपादकांना सांगितलं होतं, "पोरांना हरवायला कशाला शिकवायचं? ते आपसूक येतं." पुढे पेपरवाले कम्प्युटरवरची तयार कोडी घ्यायला लागले, एकेक सदर गेलं आणि ही जोडी तेवढी उरली. तिच्यात त्यांचा जीव अडकला होता.

कोडं सोडवायचा पहिला मान काकूंचा. त्या पेन्सिलीने फरकांवर गोल करायच्या, त्यावरून खाली उलटी छापायची उत्तरं तयार व्हायची. आणि प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे काकू असायच्याच: फूलबागेतल्या बाकावर, भाजीच्या ठेल्यापाशी, जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा. "नाक जरा लहान काढा की हो!" त्या म्हणायच्या. "लहान काढलं तर लोक म्हणतील, दुसरी आणली," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

मग फरक वाढायला लागले. काका आधी चष्मा विसरले, मग वार, मग थाटीपुरला बहिणीकडे जायचा रस्ता. चित्रातल्या सायकलला चाक नसायचं, घराला दार नसायचं. काकू पेन घेऊन बसायच्या, सहा फरक ठेवून बाकीचं भरून काढायच्या. पेपरात कळलं तर सदर बंद होईल आणि सदर गेलं तर हे खचतील, हीच त्यांची धास्ती. मी फोनवर फोटो काढायचे आणि पेपरला पाठवून द्यायचे. पण काकू आधी काय बघतात ते मला दिसायचं. सगळं सोडून त्या दुसऱ्या चित्रात स्वतःला शोधायच्या. सापडल्या की हळूच म्हणायच्या, "आहे मी."

त्या दिवशी काकांनी स्वयंपाकघर काढलं. समोर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना बघून पहिलं चित्र. मग कागद पालथा, चहा, आणि दुसरं. कित्येक महिन्यांत त्यांचा हात असा चालला नव्हता. नळाला बांधलेलं फडकं, कॅलेंडर, लोणच्याची बरणी, तांदळाचं ताट, सगळं जिथल्या तिथे. ताटामागे कोणी नव्हतं.

मी पेन उचललं. काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे गं," त्या पुटपुटल्या. "किती दिवसांनी सगळं आठवलंय त्यांना." मग मोठ्याने, "एकच सुटलंय हो! बिलकुल पहिल्यासारखं जमलं."

काका पोरासारखे खूश झाले. "कुठलं गं?"

"शोधतील की मुलं," काकू म्हणाल्या. उरलेले पाच फरक त्यांनीच आपल्या हाताने केले.

रविवारी गल्लीतली पोरं पेपर नाचवत आली. "काकी, इस बार तो एकदम आसान था! आप ही गायब हो!" काकू हसल्या आणि दरवेळेसारखी त्यांच्या हातावर तीळगुळाची गजक ठेवली. मला तिथे उभं राहवेना.

काका जाऊन आता वर्ष होत आलं. माझी सवय काही जात नाही मेली. कोणाच्याही घरी गेले की नजर आपोआप फिरते, इथून काय सुटलंय? भीतीच वाटते. परवा काकूंकडे गेले. फडकं होतं, कॅलेंडर होतं, बरणी होती, काकांची खुर्चीसुद्धा तिथेच होती. मी नुसती बघत राहिले.

काकूंनी ताटातून मान वर केली नाही.

"शोधतेस कशाला," म्हणाल्या. "एकच आहे."