कोणी न बोलावता

आज घराजवळच्या स्कोफिल्ड्सच्या मैदानावर कापलेल्या गवताचा ओला वास आला आणि मेलबर्नमधली, युनिव्हर्सिटीच्या दिवसांतली एक सकाळ आठवली. परदेशी विद्यार्थ्यांची आमची फुटबॉल टीम सलग हरत होती. कंटाळून कोचही सोडून गेला होता. मी कॅप्टन, कोणालाही न कळवता एकटाच सरावाला गेलो.

धुक्यात आमच्या टीममधला नागपूरचा अमोल, बेकरीतली शिफ्ट संपवून थेट आलेला, गोलवर किक मारत होता.

"तुला कोणी बोलावलं?"

"बोलवायला कशाला पाहिजे? हरतोय आपणच ना!"

अर्ध्या तासात एकेक करत सगळी टीम जमली. पुढची दोन वर्षं आम्हाला कोणी हरवू शकलं नाही.

टीम मी घडवली, असं सगळे म्हणायचे, मीही मान डोलवायचो. खरं तर त्या सकाळी सगळे आपणहून आले होते; मी बूट घातले आणि त्यांच्यात सामील झालो, एवढंच.