मोडायला धोंडाबाई

उत्रोलीत धोंडाबाईंचा हात म्हणजे साडेसातीच. मिक्सर गेला, टीव्हीचा रिमोट गेला, लेकाचे मोबाईल तर एकामागून एक गेले. सून रत्ना लॅपटॉप घेऊन बसली, की घरात एकच ओरड, "म्हातारीला लांब ठेवा!" धोंडाबाईंना ते फार लागायचं, पण बोलायची सोय नव्हती.

रत्नानं गावातल्या सोनबाच्या भातगिरणीसाठी पोती नोंदवायचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला पसंत पडला तर घरबसल्या आणखी कामं, नाहीतर पुण्याची नोकरी, असं तिनं स्पष्टच सांगितलेलं. सून गेली तर घर खायला उठेल, ह्या धास्तीनं धोंडाबाईंना घास गोड लागेना.

अडचण अशी, की गिरणीतला कॉम्प्युटर विंडोजवर चालायचा आणि रत्नाचा लॅपटॉप लिनक्सवर, त्यामुळं प्रोग्रॅम घरी तपासता येईना. मग तिनं व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे लॅपटॉपच्या पोटातच दुसरा, खोटा कॉम्प्युटर, विंडोज घातलेला.

"आत्या, या. हा मोडून दाखवा."

"म्या? आन् खरंच मोडला म्हंजी?"

"जसाच्या तसा परत आणते. तुमच्यासारखं मोडणारं माणूस शोधून मिळायचं नाही."

हे कौतुक की टोमणा, हे बघायला धोंडाबाई थांबल्याच नाहीत. पदर खोचून बसल्या. मशीननं पहिल्या पोत्याचा आकडा मागितला. आता पहिल्या मापाला 'एक' कोण म्हणतं? आधी 'लाभ', मग दोन, तीन. अक्षरं हुडकून हुडकून त्यांनी 'लाभ' लिहिलं. प्रोग्रॅम आडवा!

"अगं बया! मेला की गं!"

रत्नानं कपाळाला हात लावला. गिरणीत सगळेच असं मोजतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं प्रोग्रॅम दुरुस्त केला, मशीन मागच्या घडीला नेलं, खोटा कॉम्प्युटर पुन्हा ठणठणीत. मग काय, धोंडाबाईंना चेवच चढला. बटण दाबून धरलं, नोंद अर्धी असताना मशीन बंद केलं. ह्या मोडत, रत्ना दुरुस्त करी.

शेवटी रत्नानं प्रोग्रॅम गिरणीतल्या कॉम्प्युटरवर चढवला. सोनबा तो बघायला बसणार, तोच धोंडाबाई खुर्चीत! रत्नाचं तोंड उतरलं. "आत्या, हा खरा आहे, मोडला तर परत यायचा नाही!"

"मग त्याला काय सोन्याची बटणं हायती?"

त्यांनी सगळ्या खोड्या करून पाहिल्या. हमालसुद्धा पोती टाकून बघायला आले. काही होईना.

"मोडंना की गं!" धोंडाबाई हिरमुसल्या.

सोनबा पोट धरून हसला. "वयनी, तुमच्या हातनं वाचलं, आता कुणाच्या बापाला मोडायचं न्हाई. रत्ना, ठिव हितंच."

धोंडाबाईंचे डोळे भरून आले, पण तोंड फटकळ ते फटकळच.

"आता पुण्याचं नाव काढलंस, तर तुज्या लॅपटॉपला हात लावीन, सांगून ठिवते!"